अर्धा पाठवलेला स्क्रीनशॉट

मित्रांनो, माझं वय सहा वर्षं. तुमच्यात हे पहिलीत जायचं वय, आमच्यात मोडीत निघायचं. तेव्हा मी एक जुना स्मार्टफोन आहे, राहणार नाटे, तालुका राजापूर.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझी पेटी उघडली ती हितेशने, मुंबईत, नोकरी लागल्यावर. दोन वर्षं त्याने मला जिवापाड जपलं. मग नवा फोन घेतला आणि मला गावी धाकट्या बहिणीला, ऋतिकाला दिलं. दोन बटणं एकदम दाबली की पडद्यावर दिसेल ते मी टिपून ठेवतो, हे कळल्यावर ऋतिकाने काही सोडलं नाही. एसटीचं वेळापत्रक, वाऱ्याचा इशारा, मेंदीची नक्षी, सगळ्याचे स्क्रीनशॉट ती अख्ख्या वाडीला पाठवायची आणि वाडी माझं कौतुक करायची. खरं सांगतो, मी जरा चढलोही होतो.

पुढे खाऱ्या हवेने माझी रया गेली. काचेला तडा गेला, बॅटरी दुपारीच मान टाकू लागली. नवी बसवायचं ऋतिका आज करू, उद्या करू म्हणत राहिली.

घरातली एक गोष्ट मला सलायची. ऋतिकाची आई, सगुणाबाय, हितेशशी बोलत नव्हती. बाप गेल्यावर त्याने होडी विकायचा विषय काढला होता. ती होडी बापाने हौसेने बांधून घेतली होती आणि तिला बायकोचंच नाव दिलं होतं, 'सगुणा'. शिमग्यापासून हितेशचा फोन आला की आई मागल्या दारी निघून जाई.

नारळी पौर्णिमा जवळ आली, तसा वाडीतला बाबल्याकाका सुताराला घेऊन होडी बघायला गेला. तळ पार कुजला होता. काकाने होडीवाल्यांच्या ग्रुपवर फळ्यांचा फोटो टाकला, त्याखाली होडीकडे पाठ फिरवली म्हणून हितेशला चार शेलक्या शिव्या दिल्या आणि शेवटी एक ओळ लिहिली: "सगुणा आटपली. हितेशला कळवा."

ऋतिकाने स्क्रीनशॉट काढला. शिव्या वाचून भाऊ चिडेल म्हणून तिने वरचा भाग कापला. शिव्यांबरोबर फोटोही गेला, उरली ती शेवटची ओळ. आमच्याकडे होडी निकामी झाली तरी 'आटपली' म्हणतात आणि माणूस गेलं तरी 'आटपलं'च म्हणतात. हे तिच्या ध्यानात आलं नाही, आणि जेवढं दाखव म्हणतील तेवढंच दाखवायचं हा माझा धर्म. तो तुकडा हितेशला गेला आणि माझी बॅटरी संपली.

मला चार्जिंगला लावून ऋतिका पाण्याला गेली. तासाभराने मी जागा झालो, तेव्हा हितेशचे सतरा कॉल येऊन गेले होते. तो तुकडा त्याने मुंबईच्या गावकऱ्यांना पाठवला होता आणि तिथे सगुणाबायच्या नावाने हात जोडून झाले होते. मी पुन्हा वाजू लागलो. घरात सगुणाबाय एकटीच. ती दोनदा मागल्या दारापर्यंत जाऊन परतली. शेवटी तिने मला कानाला लावलं, पण तोंडातून शब्द काढला नाही.

"ऋतिका, आयेला नेऊ नका," हितेश रडत होता. "'सगुणा आटपली' वाचला नि मी निघालोय. मला तिच्याशी बोलायचा व्हता गो."

 काय घोटाळा झालाय ते सगुणाबायला उमगायला जरा वेळ लागला.

"मग बोल," ती म्हणाली. "आटपली ती होडी. मी नाय."

पुढे बराच वेळ दोघंही नुसती रडली. मग बोलली ती होडीबद्दलच. बापाने तिला कुठला रंग दिला होता, त्यावरून थोडं भांडलीसुद्धा.

मित्रांनो, शेवट गोड झाला म्हणून माझी चूक पुसली जात नाही. त्या लेकराचा तो एक तास मला परत देता येणार नाही. आमच्याकडून तुकडा पाठवाल तेव्हा त्याच्या वर काय होतं, खाली काय होतं, ते दोन शब्दांत लिहा. कुणाचा तुकडा आला तर पुढे ढकलण्याआधी विचारा. आणि आमच्या बॅटरीकडेही बघत जा, कारण चुकीची दुरुस्ती आमच्याकडूनच जायची असते.

संध्याकाळी ऋतिका शरमेने तो स्क्रीनशॉट पुसायला निघाली. आईने तिचा हात धरला.

"ऱ्हाव दे तो," ती म्हणाली. "लेक माझ्यासाठी किती रडला, ता मला जितेपणी कळला."