चार वाजताची बेल

प्रणालीनं ते यंत्र दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं आणि भर गल्लीत जागच्या जागी हळूहळू गोल फिरायला लागली.

ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या सुभद्राकाकूंचा हात थांबला.

"काहून वं, अंगात आलं का तुह्या?"

"सिग्नल शोधून राहिली मी, काकू."

"मोबाइलचा? मंग गच्चीवर जाय नं. इथं आमाले बी नाई भेटत."

प्रणाली हसली, पण नजर पडद्यावरून हलवली नाही. पत्त्यांच्या जोडाएवढं यंत्र, त्यावर एक पिवळी रेघ, रेघेवर बारीक गवत उगवल्यासारखी खरखर. मधूनच त्या गवतातून एक उंचच उंच काडी वर यायची आणि पडायची. माणसाचं अंग या लहरी अडवतं, हे तिला यंत्राबरोबर आलेल्या माहितीतून नाही, स्वतः फिरून फिरून कळलं होतं. ज्या बाजूला पाठ केल्यावर काडी सगळ्यात खुजी होते, त्याच बाजूला सिग्नल पाठवणारा असतो. आत्ता तिची पाठ गल्लीच्या टोकाकडे होती आणि काडी पार बसली होती.

तिनं घड्याळ पाहिलं. चार वाजून तीन मिनिटं. आणखी एक काडी. आणि त्याच क्षणाला मागच्या घरातून मनकर्णाआजींच्या बेलचं चिमणीसारखं चिवचिवणं आणि पाठोपाठ त्यांचा आवाज:

"वाजली वं पोरी! पाय, पुन्हा वाजली!"

आजींची बेल बिनतारी होती. दाराबाहेर बटण, आत भिंतीवर डबी. गेले दोन महिने रोज चारच्या सुमाराला ती आपोआप वाजायची, कधी पाच वेळा, कधी सात. आजी गुडघे धरत उठायच्या, कडी काढायच्या, तर दारात कुणी नाही. पोरं खोड्या काढतात म्हणावं, तर पोरंही नाहीत. नागपूरच्या लेकाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, आई, बेलचे सेल काढून टाक. आजींनी काढले नाहीत. ही सगळी हकिगत त्यांनी चार दिवसांपूर्वी प्रणालीला सांगितली होती आणि प्रणालीला त्या क्षणी आपल्या यंत्राचा केवढा अभिमान वाटला होता!

यंत्र मामांचं. त्यांनी नवं घेतलं, जुनं भाचीला दिलं. रेडिओ, टॉवर, गाडीची किल्ली, जे जे हवेत काही सोडतं ते सगळं त्याला दिसायचं. प्रणालीनं त्याचं रूपच पालटून टाकलं होतं. आखूड अँटेना काढून घराच्या वायरिंगमधून उरलेली तांब्याची तार लावली, मोजून सतरा सेंटिमीटर, कारण बेला आणि किल्ल्या त्या लांबीला छान ऐकू येतात. आईच्या जुन्या ओढणीची पिशवी शिवली. आणि यंत्र सुरू होताना कंपनीचं नाव यायचं, तिथं तिनं स्वतःचं चित्र घातलं. यंत्राला मराठी येत नव्हतं, म्हणून अक्षरं एकेक ठिपका मांडून काढली. तीन संध्याकाळी गेल्या. आता ते सुरू झालं की पडद्यावर यायचं: 'बोला, ऐकतेय.'

या यंत्राला स्वतः बोलता यायचं नाही. फक्त ऐकता यायचं. वर्गात प्रणालीचंही तसंच होतं. जूनमध्ये आईची बदली झाली, अमरावतीचं घर सुटलं, आणि अकोल्याच्या नव्या शाळेत नववी सुरू होऊन सहा महिने झाले तरी तिचं नाव 'नवीन अ‍ॅडमिशन' असंच होतं. गुलफाम, अमरावतीची जिवाभावाची मैत्रीण, आधी रोज मेसेज करायची. मग रविवारी. आता दिवाळीला एक पणतीचं चित्र आलं होतं, सगळ्यांना पाठवतात तसलं.

प्रणाली गल्लीच्या टोकाला पोचली तेव्हा काडी पडद्याच्या वरच्या कडेला टेकली होती. समोर शफीभाईंचं घर. दारात सात-आठ जोडी चपला, आणि एक छोटा पोरगा टाचा उंचावून बटण दाबत होता. दाबत होता म्हणजे काय, वाजवतच सुटला होता.

"अरे बस कर ना रे! आ गयी मैं!" शफीभाईंच्या सूनबाई, यास्मीन, ओढणीला हात पुसत बाहेर आल्या. त्या ट्यूशन घ्यायच्या, चार वाजता. "तुले काय पायजे बेटा? तुले बी गणित शिकायचं?"

प्रणालीनं सगळं एका दमात सांगितलं. यास्मीन ऐकता ऐकता कपाळाला हात लावून हसायला लागल्या.

"अल्ला! म्हणजे आमच्या पोरांपायी आजी रोज उठून राहिल्या? ही बेल खुशालकाकांनीच दिलेली आहे. आजींचे मिस्टर. ते काहीबी घ्यायचे तर दोन घ्यायचे, एक घरी आणि एक आमच्या अब्बांले. छत्री दोन, टॉर्च दोन. काका गेले, ही डब्यातच पडून होती. मीच लावली दोन महिन्यांपूर्वी."

जोडीनं घेतलेल्या बेला. दोन्हींचा कोड एकच. ते कुणी, कशाला तपासणार?

"आणि हो," यास्मीनना आठवलं, "परवा आमची बी वाजली. ट्यूशनची पोरं गेली होती, दार उघडलं तर कोणी नाई. पहिल्यांदाच झालं असं."

परवा प्रणालीनंच आजींच्या दारचं बटण दाबून पाहिलं होतं, काडी कशी दिसते ते बघायला. तिनं मनातल्या मनात हिशेब लावला आणि तो लागला तेव्हा तिला उगाच थंडी वाजल्यासारखं झालं. आजींचं बटण दाबलं की यास्मीनची बेल वाजणार. आणि दोन महिन्यांत ती अशी पहिल्यांदाच वाजली होती. म्हणजे तेवढ्या दिवसांत आजींच्या दारचं बटण कुणी दाबलंच नव्हतं.

यास्मीननी बटणातला सेल काढून तिच्या हातावर ठेवला. "दुसरी बेल आणेपर्यंत पोरं कडी वाजवतील. आजींले माफी सांग माझी."

"मी सांगते," प्रणाली म्हणाली. पडद्याचा फोटो यंत्रात साठवला, त्यावर तारीख आपोआप उमटली, चार डिसेंबर, आणि ती धावत सुटली. 'सापडली' हा शब्द तिच्या जिभेवर उड्या मारत होता.

आजींच्या दारात मात्र ती थांबली. आत टेबलावर दोन ताटल्या होत्या. एकीत सांजा होता, वर तुपाचा डाग. दुसरीवर ताटली झाकलेली, गार होऊ नये म्हणून. खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून ठेवलेली, खुर्ची पुसलेली.

"सापडली का वं?" आजींनी विचारलं.

"नाही अजून," प्रणाली म्हणाली.

कशी म्हणाली कुणास ठाऊक. पण म्हणाली खरी. मग ती बसली आणि दोन वेळा सांजा मागून घेतला. आजींनी तिला शाळेचं विचारलं, अमरावतीचं विचारलं, गुलफामचंसुद्धा विचारलं. असं सलग कुणी काही विचारून फार दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती आली, तेव्हा मनाशी ठरवूनच आली होती: आजी म्हणतील, आज वाजलीच नाही वं, आणि मग आपण खरं सांगू. पण आजी दारातच म्हणाल्या:

"तू येण्याच्या आधीच वाजून गेली, पाय. दोनदा."

आपलं चुकलं? प्रणाली तशीच यास्मीनकडे गेली. बटण रिकामं होतं, पोरं कडी वाजवत होती. तिसऱ्या दिवशी ती लवकर आली, तर बेल साडेतीनलाच वाजली होती. चौथ्या दिवशी ती मागच्या अंगणात कपडे काढायला मदत करत होती, तेवढ्यात म्हणे वाजली. तिला ऐकू आली नव्हती. गल्लीत तिसरी बेल असेल का? रविवारी सकाळीच तिनं यंत्र आजींच्या टीव्हीशेजारी चार्जरला लावून ठेवलं. दिवसभरात जी काडी उठेल ती पुसायची नाही, धरून ठेवायची, असं त्याला सांगितलं.

संध्याकाळी ती आली. पिवळ्या रेघेवर कुणाच्या तरी गाडीच्या किल्लीचे दोन खुजे उंचवटे होते. बेलच्या जागी रेघ जमिनीला चिकटून झोपली होती.

"आज तीनदा," आजी शेंगदाण्याची चटणी ताटलीत वाढत म्हणाल्या. त्या यंत्राकडे बघत नव्हत्या. तिच्याकडेही नाही.

"हो का," प्रणाली म्हणाली. आणि पिशवीत यंत्र ठेवायला तिनं लागतो त्याहून बराच जास्त वेळ घेतला.

त्यानंतर ती रोज आली. रोज बेल आधीच वाजून गेलेली असायची. प्रणाली रोज गल्लीत एक फेरी मारायची, छातीशी यंत्र धरून गोल फिरायची, आणि परत येऊन मान हलवायची. सुभद्राकाकू म्हणायच्या, "भेटला का वं तुहा सिग्नल?" आणि ती म्हणायची, "नाई नं, काकू."

मग शाळेत विज्ञान प्रदर्शनाचे कागद वाटले. घरगुती अडचणीवर विज्ञानाचा उपाय. सरांनी प्रणालीचे यंत्रातले फोटो पाहिले आणि वर्गासमोर तिचं नाव घेतलं. खरं नाव, पूर्ण. तिसऱ्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या. निवड झाली तर प्रकल्प अमरावतीला जाणार होता. गुलफामच्याच शाळेत.

"फक्त ज्यांची अडचण होती त्यांची सही हवी," सर म्हणाले, "आणि 'अडचण सुटली का' हा शेवटचा रकाना त्यांनी भरायचा. 'हो' असेल तोच प्रकल्प पुढे जाईल."

कारण सापडल्याची तारीख, असा एक रकाना होता. प्रणालीनं आधी तो रिकामा ठेवला. मग पेन्सिलीनं सतरा लिहिलं आणि खोडलं. फोटोवर तारीख होतीच, पण तिनं ती लपवली असती तर कुणी विचारलंही नसतं. शेवटी तिनं पेननं लिहिलं: चार डिसेंबर. आपल्या यंत्रानं जे ऐकलं ते तिला खोटं लिहिता येईना.

आजींनी चष्मा लावला. त्या एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेल्या. शफीभाईंच्या नावाशी थांबल्या, "दोन-दोन घ्यायचे, खरं हाये," असं पुटपुटल्या. मग बोट खाली सरकलं आणि तारखेवर थांबलं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. कुणी उठलं नाही.

"चार तारीख," आजी म्हणाल्या.

"हो."

"आज सतरा."

"हो, आजी."

आजींनी चष्मा काढला, पदराच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"हे यंत्र खोटं नाई बोलत म्हने."

"नाही. त्याला बोलताच येत नाही."

"बरं हाये त्याचं," आजी म्हणाल्या.

प्रणालीनं पेन पुढे केलं. आजींनी सही केली, मनकर्णा खुशालराव, वेलांट्या नीट घोटून. मग शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबवलं.

"इथं काय लिहू?"

"अडचण सुटली का, ते." अमरावतीचं काही ती बोलली नव्हती, आत्ताही बोलली नाही. "तुमच्या मनात असेल ते लिहा."

आजींनी बराच वेळ विचार केला. नंतर एका चौकोनात खूण केली, कागदाची घडी घातली आणि ती तिच्या दप्तरात स्वतःच्या हातानं ठेवली.

प्रणालीनं घडी उघडली ती शाळेत, शेवटच्या तासाआधी. खूण 'नाही'वर होती. निळ्या शाईची, तिच्याच पेनाची. ती खोडून तशीच एक 'हो'वर केली असती तर ती आजींचीच वाटली असती, कुणाला पत्ता लागला नसता. तिनं पेनाचं टोपण काढलं. लावलं. मग कागद घेऊन सरांच्या टेबलापाशी गेली.

सरांनी वाचलं, मागे-पुढे करून पाहिलं.

"अगं, इतकं मस्त काम केलंस, कारणही सापडलंय, आणि आजी 'नाही' म्हणतात? चुकून झालं असेल. जा, उद्या दुरुस्त करून आण. परवापर्यंत वेळ आहे."

"चुकून नाही झालं, सर."

"मग? हे असंच ठेवलं तर अमरावती गेली ना हातची."

प्रणालीनं मान हलवली. ते तिला माहीत होतं.

"काम अजून चालू आहे, सर," ती म्हणाली.

"किती दिवस चालेल?"

शाळा सुटायची घंटा झाली. पोरींचा लोंढा दाराकडे वाहत होता.

"सांगता येत नाही," प्रणाली म्हणाली, आणि आपला कागद टेबलावर तसाच ठेवून चार वाजायच्या आत पोचायला निघाली.