तळव्याला प्रश्न विचारणारा दोरा

मित्रांनो, मी एक जुना नायलॉनचा दोरा आहे. दोरा म्हणजे केवढा? तुमच्या बोटाएवढा लांब, ताठ, आणि एका टोकाला धरायला छोटीशी मूठ. कारखान्यात मोठ्या रिळावरून कापल्यावर माझी भावंडं कुणी ब्रशात गेली, कुणी मासे पकडायच्या गळाला लागली. मला मात्र तराजूवर दाबून पाहिलं. ठरलेला भार पडला की मी वाकतो, एवढीच माझी विद्या! वाकण्यात कसला आलाय मोठेपणा, असं तेव्हा मला वाटलं.

मग मी आरोग्यताईंच्या पिशवीत आलो. दवाखाना लांब आणि कामाचा खाडा कुणालाच परवडणारा नाही, म्हणून ताईच अरुंद जिने चढून मधुमेहाच्या रुग्णांच्या दारात उभ्या राहत. जमिनीवर बसून त्या परक्या माणसाचा धुळीनं माखलेला, भेगाळलेला पाय खुशाल मांडीवर घेत. समोरचा ओशाळला की म्हणत, "असू दे हो. जन्मभर यानं तुम्हाला उचललं, आज आपण याला उचलू." मग डोळे मिटायला सांगून त्या मला तळव्यावर टेकवत आणि विचारत, "कळलं का?"

"हो, अंगठ्याजवळ!"

केवढं नवल! माझा स्पर्श तो केवढा, आणि एवढ्या जाड कातडीतून त्याची वार्ता पार डोक्यापर्यंत पोचायची. दर वेळी मी थक्क व्हायचो. पण कधीकधी उत्तरच यायचं नाही. "रक्तात साखर फार काळ वाढलेली राहिली की नसा मुक्या होतात," ताई समजावत. "मग काटा रुतला तरी पाय ओरडत नाही. म्हणून रोज तळवा डोळ्यांनी बघायचा."

एकदा आम्ही शिंपीकाकांकडे गेलो. काका म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. अनवाणी पायांनी धडाधड मशीन चालवत म्हणाले, "माझा पाय मला कळणार नाही? जन्म गेला याच्या जिवावर!" शेवटी काकूंनी हातातलं काज-बटणाचं काम बाजूला ठेवलं आणि मशीनचा पट्टाच उतरवला. तेव्हा कुठे काकांनी डोळे मिटून पाय पुढे केला.

"कळलं का?"

"हो."

"आता?"

"हो."

"आता?"

"हो म्हटलं ना!"

मित्रांनो, त्या शेवटच्या वेळी मी तळव्याला टेकलोच नव्हतो. ताईंनी मला हवेतच धरलं होतं. ताई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्यांनी पाय खिडकीच्या उजेडात नेला. चवड्यावर लालसर सूज होती आणि तिच्यात शिवणाच्या सुईचं मोडकं टोक रुतून बसलं होतं. त्याच पायानं काका कधीपासून मशीन चालवत होते, कुणास ठाऊक!

"अहो, एवढं होऊन दुखलं नाही तुम्हाला?" काकूंना रडू फुटलं.

ताईंनी सुईला हात लावला नाही. तशाच त्या दोघांना घेऊन दवाखान्यात गेल्या. आणखी उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले.

जखम भरल्यावर आम्ही पुन्हा गेलो. आता काकांच्या पायांत मऊ चप्पल होती. त्यांनी डोळे मिटले. ताईंनी मला चवड्यावर टेकवलं, मी वाकलो. "कळलं का?"

काकू जवळ सरकल्या.

"नाही," काका हळूच म्हणाले. "इथं नाही कळत, पोरी."

ताईंचे डोळे भरून आले. "मग आता हा पाय वाचला, काका," त्या म्हणाल्या. मुक्या पायावर आता काकूंचे डोळे पाळत ठेवणार होते. अनेक पायांनी मला चकित केलं, पण त्या ताठ मानेच्या माणसाच्या "नाही"पुढे मी मनोमन जेवढा वाकलो तेवढा कधीच वाकलो नाही.

वाकून वाकून आता मी मऊ पडलोय. ताईंच्या पिशवीत नवा दोरा आलाय, मी टेबलाच्या खणात असतो. त्याचं दुःख नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात मधुमेह असलेलं कुणी असेल, तर आज त्यांचा पाय मांडीवर घ्या. "काही झालं नाही मला," असं ते म्हणतीलच. तरी तळवा उलटून बघा.