दिवंगत बाईंच्या हस्ते

मुलींच्या त्या माध्यमिक शाळेत दर महिन्याला चार पानांचं वार्तापत्र निघायचं. पहिल्या दोन पानांवर झालेल्या गोष्टी, पुढच्या दोन पानांवर होणाऱ्या. हे काम नेहमी सगळ्यांत नव्या शिक्षिकेच्या गळ्यात पडे. यंदा ते धाकट्या बाईंच्या गळ्यात पडलं होतं. त्या भाषा शिकवायच्या. शिक्षकांच्या खोलीत वयाने सगळ्यांत लहान म्हणून सगळे त्यांना धाकट्या बाई म्हणत, आणि त्यांची नोकरी अजून कायम झाली नव्हती.

या वेळचा अंक चांगला भरला होता. हॉकीच्या मुलींनी सामना जिंकला होता, प्रयोगशाळेचं गळकं छप्पर एकदाचं दुरुस्त झालं होतं, आठवीच्या वर्गाने पाळलेलं कासव हरवून परत सापडलं होतं. पुढे विज्ञान प्रदर्शन होतं, नववीची सहल होती, आणि शेवटी चौकटीत वार्षिक बक्षीस समारंभ. त्याला प्रमुख पाहुण्या म्हणून निवृत्त मुख्याध्यापिका येणार होत्या. शाळा सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी गावात कुणीही नुसतं ‘मोठ्या बाई’ म्हटलं की त्याच. शुक्रवारी अंक मुलींच्या दप्तरांतून घरोघरी गेला आणि धाकट्या बाई मोकळ्या झाल्या.

शनिवारी सकाळी त्या कपडे वाळत घालत होत्या, तेवढ्यात शाळेच्या लेखनिकाचा फोन आला.

“बाई, एक विचारायचं होतं. मोठ्या बाई कधी गेल्या?”

“कुठे गेल्या?”

“गेल्या म्हणजे गेल्या. तुम्हीच छापलंय ना.”

धाकट्या बाईंनी ओल्या हातानेच अंक उघडला. चौकटीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘शाळेच्या दिवंगत मुख्याध्यापिका यांच्या हस्ते बक्षीस वितरण होईल.’

चूक कुठून आली ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. गेल्या वर्षीची चौकट उचलून त्यांनी तिच्यात बदल केले होते. गेल्या वर्षी दिवंगत संगीत शिक्षिकांच्या स्मरणार्थ गाण्याची स्पर्धा होती. ‘संगीत शिक्षिका’ पुसून त्यांनी ‘मुख्याध्यापिका’ केलं, ‘स्मरणार्थ’ काढून ‘हस्ते’ घातलं. ‘दिवंगत’ मात्र तिथेच ठाण मांडून बसला होता.

“सकाळपासून फोन चालू आहेत,” लेखनिक म्हणाले. “एका पालकांनी तर विचारलंय, बक्षीस घ्यायला मुलींनी नेमकं जायचं कुठे?”

धाकट्या बाईंना हसू आलं नाही. त्यांनी मोठ्या बाईंचा नंबर फिरवला. लागेना. थोड्या वेळाने पुन्हा फिरवला, तेच. मग मन घट्ट करून मुख्याध्यापिकांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं.

“तुम्ही स्वतः जा,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता. मी त्यांच्या हाताखाली काम केलंय. मागाहून कळलेली चूक त्यांना चुकीपेक्षा जास्त झोंबते.”

“आणि माझं...”

“तुमचं काय ते नंतर बघू. आधी जा.”

धाकट्या बाई बसमध्ये बसल्या. मोठ्या बाईंना त्यांनी फक्त फोटोत पाहिलं होतं. ऐकलं मात्र खूप होतं. त्या वेलांटीची चूक खपवून घेत नसत. एकदा म्हणे त्यांनी शिक्षण अधिकाऱ्यांचं पत्र लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं होतं. अशा बाईंना आपण वेलांटी नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, थेट जगातूनच उठवलं.

मोठ्या बाई एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत. इमारतीखाली ड्रायव्हिंग स्कूलची पाटी लावलेली छोटी गाडी अर्धी फुटपाथवर चढवून उभी होती. स्टिअरिंगपाशी एक घामाघूम गृहस्थ दोन्ही हातांनी ते घट्ट धरून बसले होते. गाडी बंद होती. धाकट्या बाईंना वाटलं विचारावं, काही मदत हवी का, पण त्यांना स्वतःलाच मदत हवी होती. त्या जिना चढल्या.

दुसऱ्या मजल्यावर दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग होता. दार नुसतं लोटलेलं. आतून बायकांचे दबके आवाज येत होते.

फोन लागत नव्हता तो उगाच नाही. त्या वयाला काय भरवसा? आपण शुक्रवारी छापलं आणि शनिवारी तसंच झालं. नोकरीचा विचार मनातून कुठल्या कुठे गेला.

दार उघडून एक बाई बाहेर आली. ती मोठ्या बाईंची भाची होती. तिचे डोळे लाल होते आणि ती पदराने ते पुसत होती.

“या, आत या,” ती म्हणाली. “तुम्हीही त्यासाठीच आलात ना?”

“हो,” धाकट्या बाई कसंबसं बोलल्या. “कधी झालं?”

भाचीने तोंडावर हात धरला, तिचे खांदे हलायला लागले, आणि मग तिला हसू आवरेना. “मावशी,” ती आत बघून म्हणाली, “आणखी एक आल्या.”

“बाहेर उभं करू नकोस,” आतून खणखणीत आवाज आला. “आणि खुर्च्या संपल्या असतील तर स्टूल दे.”

धाकट्या बाईंचा जीव भांड्यात पडला. इतका, की त्या उंबऱ्यातच खाली बसल्या.

मोठ्या बाई खिडकीशी आरामखुर्चीत बसल्या होत्या. एक पाय उशीवर, मांडीवर मटारचं ताट. भोवती पाचसहा बायका होत्या, सगळ्या त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी. टेबलावर फुलांचे गुच्छ पडले होते आणि शेजारी टेलिफोनचा रिसीव्हर काढून ठेवला होता.

धाकट्या बाई उठून पुढे गेल्या. “बाई, मी शाळेतून आले. वार्तापत्र मी काढते. ती चूक माझी आहे.”

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

“चूक एकच नाही,” त्या म्हणाल्या. “‘प्रयोगशाळे’ला मात्रा नाही, आणि कासवाच्या बातमीत कर्ता सापडत नाही. कासव हरवलं की वर्ग हरवला, कळायला मार्ग नाही.” मग ताट थोडं सरकवलं. “बसा. पाणी प्या. ओठ पांढरे पडलेत तुमचे.”

“मला वाटलं, खरंच...”

“आज सगळ्यांनाच वाटतंय. मीच तेवढी उरले आहे, मला अजून वाटलेलं नाही.”

बायका हसल्या. त्यांतली खाकी शर्ट घातलेली एक मात्र नाक पुसत होती. ती गाडी चालवायला शिकवायची. तिची मुलगी याच शाळेत नववीत होती. सकाळी मुलीने अंक दाखवला तेव्हा ती तशीच कामाला निघून गेली होती.

“शिकवत होते,” ती धाकट्या बाईंना सांगू लागली. “शिकाऊ साहेबांना म्हटलं, सरळ चला. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, म्हटलं, डावीकडे घ्या, आणखी डावीकडे. इथपर्यंत आणलं त्यांना. जिना रडत चढले, आणि दार बाईंनीच उघडलं.”

“आणि पहिलं वाक्य काय बोलली विचारा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “म्हणते, ‘बाई, तुम्ही घरी कशा?’”

“ते साहेब अजून खालीच आहेत,” धाकट्या बाई म्हणाल्या.

खाकी शर्टवाली ताडकन उठली. “अगं बाई, चावी माझ्याकडेच आहे.” ती धावत खाली गेली.

हळूहळू बाकीच्या उठल्या. जाताना प्रत्येकीने मोठ्या बाईंचा हात हातात घेतला. परत येऊ म्हणाल्या, आणि म्हणण्यापुरतं म्हटल्यासारखं वाटलं नाही. सगळ्या गेल्यावर धाकट्या बाई मटार सोलू लागल्या, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं.

“तुमच्या मुख्याध्यापिकेला मी काल रात्री पत्र लिहिलं होतं,” मोठ्या बाई म्हणाल्या. “समारंभाला येत नाही म्हणून. गुडघा दुखावला तेव्हापासून खाली उतरले नाही. वाटलं, आताच्या मुली मला ओळखतही नाहीत. उगाच व्यासपीठावर बसून काय करू?”

“मग ते पत्र?”

“आज टाकणार होते पेटीत. सकाळपासून दाराशी रांग. कोण टाकणार?” त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. “राहू दे आता. आमच्या ड्रायव्हरीणबाई म्हणाल्या, गाडीने नेते. तू स्वतः चालवणार असशील तर येईन, असं मी बजावलंय.”

धाकट्या बाईंनी मान खाली घातली. डोळे भरून आले होते आणि ते दाखवायचे नव्हते.

“तुझं काय करणार आहेत?” मोठ्या बाई एकदम ‘तू’वर आल्या.

“माहीत नाही. कायम व्हायचं आहे अजून.”

“तो रिसीव्हर ठेव जागेवर.”

त्यांनी स्वतः मुख्याध्यापिकांना फोन लावला. “हो, मीच बोलते. बरी आहे. ही मुलगी इथे आली आहे. हो, स्वतः आली, माझ्या जुन्या मुलींसमोर उभी राहून स्पष्ट बोलली. तू पहिल्या वर्षी वेळापत्रक चुकवलंस तेव्हा आजारी असल्याचं कळवून घरी बसली होतीस, ते मला आठवतंय. ठेवते.”

सोमवारच्या परिपाठात धाकट्या बाईंनी दुरुस्ती वाचून दाखवली. मजकूर मोठ्या बाईंनी सांगितला होता : ‘निवृत्त मुख्याध्यापिका जिवंत असून समारंभाला येत आहेत. मुलींनी वेळेवर यावं, कारण त्या वेळेवर येणार आहेत.’ सगळं मैदान हसलं. मागे उभ्या मुख्याध्यापिकाही हसल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, “पुढचा अंक छापण्याआधी मला दाखवा.” म्हणजे पुढचा अंकही त्यांनीच काढायचा होता.

पण ते सोमवारी. शनिवारी दुपारी धाकट्या बाई मोठ्या बाईंच्या घरून निघाल्या तेव्हा रस्त्यावर टळटळीत ऊन होतं. बस समोरून निघून गेली, तरी त्या धावल्या नाहीत. सकाळपासून पोटात काही नाही हे त्यांना आत्ता कळलं. कोपऱ्यावरच्या गाडीवरून त्यांनी केळी घेतली आणि शाळेतल्या मुलींना जे कधी करू देत नसत तेच केलं. भर रस्त्यात, चालता चालता, एकामागून एक खात घरी गेल्या.