अनंताचं अजीर्ण

सासूबाईंच्या बाल्कनीतल्या झाडांना हात लावायची मुभा फक्त सासूबाईंना होती. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सुनेने कौतुकाने गुलाबाला मगभर पाणी घालायला घेतलं, तर "अगं, त्याचं झालंय सकाळीच," एवढंच म्हणून त्यांनी तो मग तिच्या हातातून काढून घेतला होता. आवाज चढला नाही की कपाळाला आठी पडली नाही. पण सुनेने ते मनाला लावून घेतलं, आणि त्यानंतर ती बाल्कनीत जायची ती फक्त कपडे वाळत घालायला.

त्या बाल्कनीतलं सगळ्यात लाडकं झाड म्हणजे निळ्या प्लॅस्टिकच्या अर्ध्या पिंपात लावलेला अनंत. त्याचे नखरे काही विचारू नका. साधं खत त्याला चालायचं नाही. खायला ग्वानो, म्हणजे गुहांमधून गोळा केलेली वटवाघळांची वाळलेली विष्ठा. तिचा डबा स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर, थेट साखरेच्या शेजारी. आणि प्यायला कंपोस्टचा चहा. बादलीत पाणी, पाण्यात कंपोस्ट भरलेली कापडी पिशवी, वर थोडी काकवी, आणि तळाशी माशांच्या टाकीतला छोटा पंप दिवसभर बुडबुडे काढत बसलेला. पिशवी सासऱ्यांनी शिवलेली. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, त्यांनी तिलाही दुहेरी शिवण घालून नाडी लावून दिली होती. "मला दुसरा कप मागून मिळत नाही, आणि याला बादलीभर," असं ते येताजाता म्हणायचे. सासूबाई लक्ष द्यायच्या नाहीत.

त्या वर्षी अनंताला पहिल्यांदाच भरभरून कळ्या आल्या, आणि नेमकं त्याच सुमारास सासूबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं.

हॉस्पिटलला निघायच्या दिवशी बॅग भरता भरता त्यांनी सुनेला स्वयंपाकघरात गाठलं, दार लोटलं आणि तिचा हात धरला. "अनंताकडे तूच बघ. आठवड्याला अर्धा चमचा ग्वानो आणि रविवारी मगभर चहा, दुप्पट पाणी घालून. ह्यांच्यावर सोडलं तर हे विसरणार, आणि तुझ्या नवऱ्याला तर स्वतःचं जेवण लक्षात राहत नाही. पण त्यांना बोलू नकोस हं काही, उगाच वाईट वाटेल." इतक्या वर्षांत त्या बाईने सुनेला एका झाडाला हात लावू दिला नव्हता, आणि आज सगळ्यात लाडकं झाड तिच्या ओटीत टाकलं होतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. घर जरा श्वास घ्यायला लागलं आणि अनंताने मात्र मान टाकली.

आधी पानांची टोकं तपकिरी झाली. मग मातीवर पांढरी खपली धरली. मग कळ्या, न उमलताच, एकेक करून खाली पडायला लागल्या. सून रोज संध्याकाळी औषधांच्या दुकानातल्या नोकरीवरून आली की चपला काढायच्या आधी बाल्कनीत डोकवायची आणि पडलेल्या कळ्या मोजायची. ग्वानोचा डबाही भराभर खाली जात होता. आपला अर्धा चमचा म्हणजे शीग लावून पाऊण तर होत नसेल? बादलीतला चहा कमी व्हायचा, तो उन्हाने, अशी तिने स्वतःची समजूत घातली. नंतर नंतर तो आपोआप वाढायलाही लागला, तेव्हा तिने विचार करणंच सोडून दिलं. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेल्यावर सासूबाई डोळ्यांनीच विचारायच्या, आणि ती मान हलवायची. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला नुसती मान हलवणंसुद्धा जड जातं. घरी येताना तिला वाटायचं, एकदा त्यांनी विश्वास टाकला आणि आपण तो मातीत घातला. आता ही बाई आपल्याला पुन्हा मीठसुद्धा द्यायला सांगणार नाही.

सासूबाई घरी यायला आठवडा उरला होता. सून औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी होती. समोर एक आजोबा आणि त्यांची लेक. आजींना सारखी चक्कर येते म्हणून रक्तदाबाच्या गोळीबद्दल विचारायला आलेले.

"रोज एकच देताय ना?" सुनेने विचारलं.

"एकच. सकाळी उठल्याबरोबर मी देतो," आजोबा म्हणाले.

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. "बाबा, सकाळची मी देते! नाश्त्यानंतर!"

त्या दोघांना तिने ताबडतोब डॉक्टरांकडे पिटाळलं, आणि मग हातात गोळ्यांची पट्टी तशीच धरून ती उभी राहिली. दिवसातून वीस गिऱ्हाइकांना आपण हेच बजावतो, दोघांनी औषध देऊ नका, देणारा एकच ठेवा. मालकांना डोकं दुखतंय असं सांगून ती तडक घरी निघाली.

सासरे बाल्कनीत होते. गळ्यात मोजपट्टी, हातात मग, आणि मग अनंताच्या बुंध्याशी कललेला. सुनेला बघताच त्यांनी तो पाठीमागे लपवला. चहा त्यांच्या पायजम्यावरून ओघळला.

"पाणी घालत होतो गं जरासं."

"बाबा, ग्वानोसुद्धा घालता का?"

सासरे स्टुलावर बसले. चोरी पकडलेल्या लहान पोरासारखा चेहरा झाला त्यांचा. "तिने मलाच सांगितलं होतं. म्हणाली, सूनबाईला दुकानाच्या व्यापात लक्षात राहणार नाही, पण तिला बोलू नका, तिला वाईट वाटेल. मी रोज बघतोय, ते सुकत चाललंय. म्हटलं अशक्तपणा असेल, म्हणून हल्ली थोडं जास्तच घालतो. बादली खाली गेली की काकवी टाकून वाढवतोसुद्धा."

तेवढ्यात आतल्या खोलीतून नवरा आला. लिफ्ट दुरुस्तीच्या रात्रपाळ्या चालू होत्या, त्यामुळे केस उभे आणि डोळे अर्धे मिटलेले. "कशाचं चाललंय? झाडाचं?" त्याने जांभई दिली. "त्याचं टेन्शन नका घेऊ. पाळीवरून आलो की पहाटे मी घालतो. आईने मला एकट्यालाच सांगितलंय."

सुनेला आधी हसू फुटलं. मग ते आवरेना, ती दाराच्या चौकटीला धरून हसत राहिली. इतके दिवस उरावर ठेवलेला धोंडा एकदम उतरला होता. पण हसून झाल्यावर कुठेतरी बारीकसं टोचलंही. म्हणजे तो हात धरणं, ते दार लोटणं, सगळं तिघांनाही मिळालं होतं.

"याला रोग नाही, अजीर्ण झालंय," ती म्हणाली. "चला, धुऊन काढू."

तिघांनी मिळून पिंप विटांवर चढवलं. तिने वरची पांढरी खपली चमच्याने खरवडली, नवऱ्याने बादल्या आणल्या, सासऱ्यांनी तळाच्या भोकांतून येणारं पाणी बघायचं काम घेतलं. आधी ते काळपट आलं, मग पिवळट. बादलीमागून बादली ओतल्यावर सासरे ओरडले, "स्वच्छ! आता स्वच्छ येतंय!" खालच्या मजल्यावरच्या बाईंनीही ओरडून काहीतरी सांगितलं, पण ते कौतुकाचं नव्हतं.

सासूबाई आल्या त्या दिवशी अनंताची निम्मी पानं गेलेली होती. कळी एकच टिकली होती, आणि फांद्यांच्या पेरांत तांदळाच्या दाण्याएवढे हिरवे कोंब दिसत होते. छातीशी उशी धरून त्या हळूहळू बाल्कनीपर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"खत कोणी घातलं?"

"मी," तिघं एकदम म्हणाले.

त्यांनी एकेकाकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं. हसू आलं तशी त्यांनी टाके सांभाळत उशी घट्ट आवळली. "आई गं, हसवू नका रे, दुखतंय!" हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. "मी आपली भीतभीतच गेले होते. परत येते की नाही, कोणाला ठाऊक. म्हटलं तिघांना सांगून ठेवावं, म्हणजे एकाला तरी आठवण राहील. तिघंही लक्षात ठेवाल, असं काही मी धरलं नव्हतं."

सासऱ्यांनी मोजपट्टीच्या टोकाने डोळे पुसले. सुनेच्या मनातलं टोचणंही तिथेच विरून गेलं. ती जिच्या विश्वासाला जपत होती, त्या बाईला आपली कोणी आठवण ठेवेल याचाच भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून ओट्याशी होती, तेवढ्यात बाल्कनीत नळ सुटल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर सासूबाई एका हाताने उशी धरून दुसऱ्या हाताने भरलेला मग उचलत होत्या.

सुनेने अलगद तो मग त्यांच्या हातातून काढून घेतला.

"आई, त्याचं झालंय सकाळीच."

सासूबाई हसल्या, "बरं बाई," म्हणाल्या आणि स्टुलावर बसून त्या एका कळीकडे बघत राहिल्या.