लाल फुला, घर सोडू नको

भुई माझे बाई, मऊ तू गं होई,
माझा राजा जाई, दुडुदुडु.
काट्या माझ्या दादा, बाजूला तू सर,
लाल पाण्या घर, सोडू नको.

आईचा हा आवाज थोरलीच्या कानात अजून राहायला होता. किंचित घोगरा, शेवटच्या शब्दाला पायरी उतरल्यासारखा खाली येणारा. लेकराला निजवायला सगळ्याच आया गातात. ही बाई गायची ती जमिनीला. राजा उभा राहायला लागला तशी ती फरशीची, उंबऱ्याची, टेबलाच्या कोपऱ्यांची मनधरणी करायला लागली. कोपऱ्यांना तिने जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. घर बघून वाटावं, इथलं सामानच आजारी आहे.

राजा मधला. थोरलीच्या पाठचा आणि चिमीच्या आधीचा. त्याला नुसतं दाराचं टोक लागलं तरी गुडघा टम्म फुगायचा, वर जांभळं आभाळ उतरायचं. आणि एके दिवशी चारचौघांच्या पोरांचा पडतो तसा त्याचा दुधाचा दात पडला. तेवढंच झालं. रक्त थांबेना. आई फडकी बदलत राहिली आणि थोरली, स्वतः अजून फ्रॉकातली, ती फडकी गार पाण्यात पिळत राहिली. दवाखान्यात पोचेपर्यंत राजा कागदासारखा पांढरा झाला होता. तिथून तो परत आला नाही.

चिमी तेव्हा रांगत होती. तिला मोठेपणी सांगितलं, दादा तापानं गेला.

राजा गेल्यावर आईचं गाणं बंद पडलं. पण चिमीला ते ऐकल्याशिवाय झोप येईना, म्हणून थोरली म्हणायला लागली. शेवटच्या ओळीशी आली की तिचा गळा दाटायचा. मग एका रात्री तिने एक शब्द बदलला. "लाल फुला घर, सोडू नको." पाण्याचं फूल झालं, पोर निजलं. चिमीला आयुष्यभर तेवढंच गाणं ठाऊक.

आईच्या बहिणीच्या घरीही असंच एक पोर होतं, फुगऱ्या गुडघ्यांचं. त्यावरून आई काय ते समजली, आणि बहिणीकडचं येणंजाणंच तोडून बसली. लोक दोन्ही घरांची बेरीज करतील, मग पोरींना कोण विचारील, ही धास्ती. पुढे थोरलीला वयात येताना नाकातून रक्त यायला लागलं. आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं, कपाळावर ओला रुमाल ठेवला, आणि सुस्कारा टाकून म्हणाली, "थोरलीनं घेतलं. धाकटी सुटली."

जणू घरात एकच जडशीळ पेटी होती आणि ती कुणीतरी एकीनेच उचलायची होती. थोरलीने उचलली. तिला त्याचं दुःख कमी, अभिमान जास्त. आपण घेतलं म्हणून चिमी मोकळी, या एका वाक्यावर तिने पुढची सगळी वर्षं काढली. लग्नाचं कुणी विचारलं की थट्टेवारी न्यायची. ती कामाला होती त्या लाँड्रीची गाडी चालवणारा एक भला माणूस दोन पावसाळे तिच्या टेबलापाशी रेंगाळला. तिने त्याला सांगितलं, "मला गाडी लागते." सगळी लाँड्री हसली. तोही हसला, आणि पुढे दुसऱ्या गावी निघून गेला.

लाँड्रीत तिचं टेबल डागांचं. शाई, तेल, गंज, हळद, ज्याचा त्याचा इलाज तिच्या बोटांत. रक्ताचा डाग आला की मालक हाक मारून तिलाच द्यायचे. "ताई, हे तुमच्या माहेरचं." मालकांना बिचाऱ्यांना काय कल्पना. ती गार पाण्याचा नळ सोडायची. रक्ताला गरम पाणी दाखवलं की ते कापडात मुक्काम करतं, मग ब्रह्मदेव आला तरी निघत नाही. गार पाण्यानं, हळूहळू, न चोळता.

मावशीचा तो फुगऱ्या गुडघ्यांचा मुलगा जिवंत होता. घड्याळं दुरुस्त करायचा. कुठून तरी नंबर मिळवून त्याने लाँड्रीत फोन केला.

"ताई, ओळखलंत का? तुमच्या आईनं आमच्या दाराला कडी घातली, तो मी."

"जिवंत आहेस?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"घड्याळासारखा. अधूनमधून थांबतो, इंजेक्शनं घेतली की चालतो." तो हसला, मग गंभीर झाला. "माझ्या रक्तातला दोष इथल्या दवाखान्यातल्या बाईंनी नेमका शोधून काढलाय. घरातल्या बायकांनी तपासून घ्यावं म्हणतात. तुम्ही आणि चिमी, दोघी या."

ती एकटीच गेली. चिमीला काही बोलली नाही. चिमीला दिवस गेलेले, तेही उशिरा, किती नवससायास झाल्यासारखे. तिला कशाला नसता घोर? शिवाय आपण घेतलंय ना.

रक्त दिलं. निकालाच्या दिवशी बोलावणं आलं तेव्हा इस्त्रीचे कपडे तसेच टाकून गेली. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक लहानशी खोली, खिडकीत वाळत घातलेला छत्रीचा सांगाडा, टेबलावर पेनांचा डबा. समजावून सांगणाऱ्या बाई तिच्याहून लहान, पण बोलणं पोक्त.

"आपण सगळे एका पेशीपासून होतो," त्या म्हणाल्या. "एकीच्या दोन, दोनाच्या चार. दर वेळी आतला सगळा मजकूर नवा उतरवून घ्यायचा. केवढा तरी मोठा मजकूर, त्यात कधीकाळी एखादं अक्षर चुकतं. तुमच्या घरात कुणा पणजीच्या वेळी चुकलं असेल. रक्त थांबवायची जी कृती लिहिलेली असते ना, नेमकी तिच्यात. मग ते पान ज्याच्या वाट्याला येईल, तो ती चूक तशीच उतरवत जातो."

"पण मग बायकांना काही होत नाही ते?"

"बाईकडे त्या पानाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तर दुसरी बरंचसं निभावून नेते. पुरुषाकडे एकच. आईकडून आली ती." बाईंनी डब्यातून एक लाल आणि एक निळं पेन काढलं. "या तुमच्या आईच्या दोन प्रती. लाल बिघडलेली. मूल होताना यातली एकच पुढे जाते." दोन्ही पेनं ओंजळीत खुळखुळवून त्यांनी पुढे केली. "डोळे मिटा आणि एक घ्या."

थोरलीने घेतलं. निळं.

"ही तुम्ही. तुमच्यात तो दोष नाही, ताई. अहवाल स्वच्छ आहे."

थोरली बघतच राहिली. लांबून डोक्यावर आणलेली घागर दारात उतरवावी आणि ती कोरडी निघावी, तसं काहीसं झालं. आनंद कुठे ठेवायचा ते कळेना.

"माझ्या नाकातून रक्त यायचं," ती जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणाली.

"पुष्कळ मुलींच्या येतं. हवेनंही येतं."

"मग... मग ते चिमीनं घेतलं?"

बाईंनी निळं पेन परत ओंजळीत टाकलं, पुन्हा खुळखुळवलं. "आता बहिणीचं काढा."

थोरलीचा हात पुढे जाईना. शेवटी गेला. पुन्हा निळं.

"बघा. आधी कुठलं निघालं हे हाताला ठाऊक नसतं. ही वाटणी नाही की एकीनं घेतलं म्हणजे दुसरी सुटली. दोघींनाही येईल, किंवा एकीलाही येणार नाही. प्रत्येक वेळी निम्मी शक्यता, नव्यानं." मग पेनं ठेवून देत त्या हळूच म्हणाल्या, "हा खेळ झाला. तुमच्या बहिणीचं खरं काय ते तिचं रक्तच सांगेल. तिला दिवस गेलेत म्हणालात ना? मग डॉक्टरांना आधी कळायला हवं. मुलगा असेल आणि त्याच्यात हे आलं असेल, तर बाळंतपणात चिमटे, ओढाओढ चालत नाही. कळलं तर सगळं सांभाळता येतं. न कळलं तर..."

त्यांनी पुढचं सांगितलं नाही. थोरलीला पुढचं माहीत होतं. तिने ती फडकी पिळली होती.

त्या दिवसापासून रोज तेच. चिमीकडे जायला निघायची आणि कोपऱ्यावरून परत फिरायची. मन मोठं लबाड. म्हणायचं, निम्मी शक्यता म्हणजे निम्मी सुटकाही. तोंड उघडलंस की पोरीचे हे शेवटचे दिवस नासवशील. आणि ती विचारील, ताई, तुला कधीपासून माहीत होतं? टेबलावर एका साहेबांचा सदरा आला होता, दाढी करताना कापलेल्याचा, कॉलरवर मसुराएवढा ठिपका. विचारांच्या नादात तिने गरम पाणी सोडलं. डाग पक्का झाला. मालक आ वासून बघत राहिले. "ताई, तुमच्या हातून?"

संध्याकाळी ती गेलीच.

चिमी पलंगावर पाय पसरून बसली होती. भोवती धुतलेल्या लंगोटांचा ढीग.

"आलीस? मला वाटलं गाडी लागली वाटेत."

"चालत आले."

"तेच. गाडीवाला गेला तेव्हापासून तू चालतेच आहेस." चिमी स्वतःच्या विनोदावर हसली, आणि पोट हललं म्हणून त्यावर हात ठेवला. "बघ, हाही हसतो मावशीला. घड्या घाल बरं, माझे हात सुजलेत."

थोरली बसली. घडीवर घडी घालू लागली. कडा कडेला लावून, लाँड्रीतल्यासारखी.

"आज मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं," चिमी सांगत होती. "बाळ मोठं आहे म्हणाल्या, डोकं चांगलं भोपळ्याएवढं. बापावर गेलंय. वेळ पडली तर यंत्र लावून ओढून काढू म्हणाल्या, घाबरायचं नाही. आणि काय काय विचारत होत्या गं. घरात कुणाला साखर? कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास? मी म्हटलं, छे! आमच्याकडे सगळी तगडी माणसं. एक भाऊ होता, तो तापानं गेला."

थोरलीच्या हातातली घडी सुटली.

"काय झालं?"

"काही नाही. किनार उसवलीय याची."

"असू दे, त्याला कुठे लग्नाला जायचंय." चिमीने मागे उशीला डोकं टेकवलं, पोटावरून तळवा फिरवू लागली, आणि डोळे मिटून गुणगुणायला लागली. आवाज आईचाच. घोगरा, शेवटच्या शब्दाला पायरी उतरणारा. आई गायची तेव्हाचं हिला काही आठवत नव्हतं, हा गळा हिला कुणी शिकवला नव्हता.

काट्या माझ्या दादा, बाजूला तू सर,
लाल फुला घर, सोडू नको...

खिडकीतून समोरच्या घराचा दिवा आत येत होता, त्यात चिमीचा चेहरा पिवळसर, निर्धास्त दिसत होता. थोरलीने मांडीवरचे कपडे बाजूला ठेवले.

"फुला नाही, चिमे."

"अं?"

"आईच्या गाण्यात फूल नव्हतं. ते मी घातलं. तुला झोपवताना."

चिमीने डोळे उघडले. "मग काय होतं?"

"पाण्या. लाल पाण्या घर, सोडू नको."

"लाल पाणी?" चिमी हसायला गेली, पण बहिणीचा चेहरा बघून हसू ओठातच राहिलं. "लाल पाणी कसलं, ताई?"

"राजाचं रक्त. त्याला ताप नव्हता आला. दुधाचा दात पडला, आणि रक्त थांबलंच नाही. आईच्या रक्तातून आलेलं होतं ते. मावशीच्या मुलालाही आहे, म्हणून तर आपण त्यांच्याकडे जात नव्हतो. तुझ्यातही असेल, कदाचित नसेल. पण उद्या सकाळी आपण दोघी डॉक्टरीणबाईंकडे जायचं. ते यंत्र लावायचं नाही. तू आज सांगितलंस ते खोटं होतं, आणि ते खोटं माझं आहे, असं मी सांगेन."

चिमीचा तळवा पोटावर थांबला होता. बोलली तेव्हा आवाज तिचा राहिला नव्हता.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस. माझं लग्न झालं, हे दिवस गेले, तू डोहाळे पुरवलेस, आणि... का, ताई?"

थोरलीने तिचे सुजलेले हात आपल्या हातात घेतले. चिमीने ते ओढून घेतले. थोरलीने पुन्हा घेतले, घट्ट.

"कारण आई म्हणाली होती, थोरलीनं घेतलं, धाकटी सुटली. मला वाटलं, मी एकटी राहिले की ते माझ्यापाशीच संपेल आणि तुला त्याचं नावही कळायला नको. म्हणून नाही केलं लग्न. गाडीबिडी काही लागत नव्हती मला." तिचा गळा दाटला, अगदी त्या जुन्या ओळीशी दाटायचा तसा, पण या वेळी तिने शब्द बदलला नाही. "मध्यंतरी माझं रक्त तपासलं, चिमे. मी काही घेतलंच नव्हतं."