फुंकून साफ केलेली सुई

सुई अडली की सहादेव ती तोंडात धरून फुंकत असे. पेनिसिलिनचं दाट पांढरं पाणी तिच्यात गोठायचं. मग गाल फुगवून फुंकर मारायची, धोतराच्या सोग्याला सुई पुसायची आणि पुढच्या माणसाला म्हणायचं, "हां, वळ तिकडं."

मालनबाई, त्याची बायको, दाराआडून हे रोज बघायची. सुरुवातीला तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. नवरा भिंगारला एका डॉक्टरकडे फरशी पुसायला आणि बाटल्या धुवायला होता. तिथून परतला तो एक काचेची सिरिंज आणि ‘डॉक्टर’ हे नाव घेऊनच. राहुरीच्या आसपासच्या वस्त्यांवरून लोक त्याला शोधत यायचे. पडसं झालं, कंबर धरली, पोट दुखलं, सगळ्याला पेनिसिलिन. लोकांना गोळी नकोच असे. टोचून घेतल्याशिवाय औषध घेतल्यासारखं त्यांना वाटत नसे.

मग गळवं यायला लागली. बायका लाजून सहादेवला दाखवत नसत, मालनकडे येत. ती कणकेचं गरम पोटीस बांधून द्यायची. गळू फुटलं की हिरवट पू तिच्या बोटांवर यायचा आणि कितीही राख चोळली तरी तो वास हाताला राहायचा. हळूहळू तिच्या ध्यानात आलं, गळू येतं ते सुई टोचल्याच्या जागी.

"अवो, सुई उकळून तरी घ्या," ती एकदा म्हणाली.

"चूल पेटंस्तवर लोकं दुसऱ्याकडं जातील. आन गळू आलं तर बरंच की. अंगातली घान भायेर पडती."

त्यानंतर तिचं लक्ष त्याच्या हातांकडेच जाऊ लागलं. कुणाचं तरी फोड आलेलं ढुंगण चाचपून तो तसाच जेवायला बसायचा आणि त्याच बोटांनी भाकरी कालवणात चुरायचा. मालन त्याच्यानंतर, त्याच्याकडे पाठ करून जेवायला लागली.

शेजारच्या कारभारीची बायको भागूबाई बाळंत झाली आणि तिला ताप भरला. कारभारीने तिला ओट्यावर आणून बसवलं. तिच्या आधी एक गडी होता, मांडीवर चिघळलेलं गळू घेऊन आलेला. सहादेवने त्याला टोचलं, सुई फुंकली, पुसली आणि भागूबाईच्या दंडात घातली. पेनिसिलिनच्या एका बाटलीत तांब्यातलं पाणी घालून त्याने ती चौघांत पुरवली होती. मालन दारात उभी होती. पण चारचौघांत नवऱ्याला बोलायची तिची छाती झाली नाही.

ताप उतरला. आणखी औषध लागेल का, म्हणून कारभारी विचारायला आला तर सहादेव म्हणाला, "बरं वाटतंय ना? मग कशाला वाया घालायचं?"

तिसऱ्या की चौथ्या दिवशी भागूबाईचा दंड मांडीएवढा सुजला. कातडी काळीनिळी, ताणून चकाकणारी. झोपडीत शिरतानाच नाकाला पदर लावावा असा वास. सहादेवने पुन्हा थोडं टोचलं. भागूबाई बरळायला लागली तेव्हा मालनने कोणाला न विचारता कारभारीला बैलगाडी जुंपायला लावली. राहुरीहून एसटीने ते नगरच्या दवाखान्यात पोचले.

डॉक्टरीणबाईंनी दंडाला चीर दिली. पू उडून त्यांच्या हातमोज्यांवर आला आणि पसरट भांडं निम्मं भरलं. भागूबाईला धरून उभी असलेली मालन बाहेर धावली आणि व्हरांड्याच्या कडेला ओकली. तोंड पुसून परत आली तेव्हा बाई विचारत होत्या, "कोणी टोचलं हिला?"

कारभारी खाली बघत म्हणाला, "पडली हुती, बाई. तिथंच लागलं."

"माझ्या मालकानं," मालन म्हणाली. "एकाच सुईनं. उकळली नव्हती. औषधात पाणी घातलं, आन ताप उतरल्यावर बंद केलं."

बाई शांतपणे म्हणाल्या, "एकाची घाण दुसरीच्या अंगात घातली. वर औषध दिलं तेही पाणी घालून, मधेच बंद करून. थोड्या औषधानं हे जंतू मरत नाहीत, त्यांना सवय होते. आता हिच्या दंडातल्या जंतूंवर पेनिसिलिन चालेल असं मला वाटत नाही. दुसरं देऊन बघते. ते पुरं होईस्तोवर हिला घरी न्यायचं नाही, बरं वाटलं तरी."

भागूबाई वाचली, औषध पुरं झाल्यावर घरी आली. कोपर मात्र पुन्हा सरळ झालं नाही.

मालन घरी आली तेव्हा ओटा भरलेला होता. तिने सहादेवच्या हातातली सिरिंज ओढून घेतली आणि दगडी पायरीवर आपटली. सहादेवने हात उगारला, पण लोकांकडे बघून खाली घेतला. "बायकूचं डोकं फिरलंय," तो हसून म्हणाला, आणि लोकही हसले. त्याने मुस्काटात मारली असती तर तिला इतकी किळस आली नसती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याने नवी सिरिंज आणली. ओट्यावर पुन्हा माणसं जमली. त्यांत कारभारी होता. अंगावर घोंगडं, नाक गळत होतं.

"भावजी, तुमी?" मालनने विचारलं.

"कनकन हाय जरा."

"भागूचा हात बघितला न्हाई का तुमी?"

"बायकांचं अंग निराळं असतंय, वैनी," कारभारी म्हणाला आणि घोंगडं सावरून ओट्यावर पालथा झाला. सहादेवने सुई तोंडाला लावली.

मालन तिथेच, सगळ्यांच्या समोर थुंकली. मग पदर खोचून भागूबाईच्या झोपडीकडे चालू लागली. दवाखान्यातून दिलेल्या पट्ट्या उकळायच्या होत्या आणि जखम बांधायच्या आधी साबणाने हात धुवायचे होते.