वाढलेली पोत

ही गोष्ट सन एकोणीसशे बेचाळीसच्या संक्रांतीची. साताऱ्याच्या पूर्वेकडच्या एका वाडीतल्या बयाबाईचा नवरा कृष्णात मराठा पलटणीबरोबर हबसाणात, म्हणजे आफ्रिकेतल्या इथिओपियाकडं, इटलीशी लढायला गेला होता, आणि वर्ष होत आलं तरी त्याची खबर नव्हती.

तो निघाला तेव्हा तिच्या गळ्यातल्या पोतीची गाठ सुटून काळे मणी अंगणात सांडले. सासू भामाबाई 'अपशकुन झाला' म्हणाल्या. कृष्णातनं मात्र चार मणी रुमालात बांधले. "माघारी आणून देतो," म्हणाला.

संक्रांतीला त्याच्या पलटणीतला दादासो रजेवर आला. बायका जमल्या. पाणी पिऊन, मिशी पुसून तो म्हणाला, "वयनी, कृष्णातनं तुमची पोत वाढवली बगा."

बायका पोत 'तोडली' म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. आणि नवरा गेला की ती वाढवावीच लागते. भामाबाई कृष्णातचं नाव घेऊन रडू लागल्या. शेजारच्या अंबूबाईनं गळा काढून बयाबाईच्या बांगड्यांना हात घातला.

बयाबाईनं तो झटकला. दादासो आईवेगळा, बापाच्या हातच्या भाकरीवर पोसलेला. त्याला बायकांची बोली कुठली ठाऊक?

"भावजी, वाढवली म्हंजी किती?"

"ही एवढी की." दादासोनं हात पसरले. "आन् ह्या का रडाय लागल्या?"

त्यानं कृष्णातनं दिलेला रुमाल सोडला. तिचे काळे मणी, आणि त्यांच्या जोडीला ओंजळभर लालभडक, आतून पांढरे काचमणी. दादासोनं सांगितलं, तिकडच्या बाजारात एका म्हातारीनं काळे मणी पाहून, हे कुणाचे, असं कृष्णातला दुभाष्याकडून विचारलं होतं. बायकोचे म्हटल्यावर तिनं एक मागून घेतला आणि स्वतःच्या गळ्यातली माळ काढून त्याला दिली. तिच्या पणजीनं ते लाल मणी हस्तिदंत देऊन घेतले होते, इटलीच्या गलबतावरून.

"ज्येंच्याशी लढतोय त्येंच्याच भट्टीतलं?" भामाबाईंनी विचारलं.

"व्हय आत्ती. पर कृष्णात म्हनतो, ही लूट न्हवं, आहेर हाय."

"आन् त्यो सोता?"

"दवाखान्यात, पाय बांधून. खातंय लय."

अंबूबाई हळूच उठली. "बसा की," बयाबाई म्हणाली, "घसा वाळला आसंल. च्या टाकते."

सांगलीच्या पटवेकऱ्याकडून तिनं पोत ओवून आणली आणि जत्रेत पदर मागं टाकून मिरवली.

कृष्णात त्रेचाळीसला लंगडत आला आणि म्हातारा होईतो त्यानं ऊस पिकवला. भामाबाई नातवंडं खेळवून गेल्या. दादासोनं लग्न केलं. बायकोला विचारल्याशिवाय कुठं निरोप सांगेना. अंबूबाईनं लेकीच्या पोतीत ओवायला एक लाल मणी मागून नेला, आणि वाडीत ती रीतच पडली. बयाबाई नव्वदीपर्यंत जगली. आपला काळा मणी हबसाणात त्या म्हातारीच्या कुणा नातीच्या गळ्यात असेल, असं ती मोठ्या तोऱ्यात सांगायची.